मुलींची वसतिगृहे: रीत कोणती आणि नियम कोणता? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

महाविद्यालयांचे आणि विद्यापीठाचे प्रवेश सुरू झाले की या सदराच्या टपालात वसतिगृहांविषयीची पत्रे वाढतात. यंदा ती इतकी आली की या अंकातील सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षेपाने दिली असून लिहिणाऱ्यांची आणि संबंधित संस्थांची नावे वगळली आहेत. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून मी बरीच वर्षे काढली असल्यामुळे काही उत्तरांत माझा स्वतःचा कल डोकावेल. वाचकांनी तो कल म्हणूनच घ्यावा.

प्रश्न: माझी मुलगी एम.ए.साठी पणजीजवळ वसतिगृहात राहणार आहे. आमच्या सत्तरी तालुक्यातून रोजची ये-जा तिला झेपणार नाही. पहिल्या आठवड्यात तेथे नव्या मुलींची ‘ओळख’ घेतली जाते, सर्वांसमोर गाणे म्हणावे लागते आणि वरच्या वर्गातील मुलींना ‘ताई’ म्हणावेच लागते, असे तिने ऐकले आहे. मैत्रिणी म्हणतात ही परंपरा आहे. मला मात्र काळजी वाटते. (एक आई, वाळपई)

उत्तर: तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मोठ्या मुलीला ‘ताई’ म्हणणे आपल्याकडे स्वाभाविक आहे आणि बहुतेक नव्या मुली ते कोणी न सांगताच म्हणू लागतात; मात्र तसे न म्हणणाऱ्या मुलीशी कोणी आठवडाभर बोलायचेच नाही असे ठरत असेल, तर त्या संबोधनात आदर उरलेला नाही. गाण्याचेही तेच आहे. ज्या मुलीला गळा आहे आणि हौस आहे ती आनंदाने गाईल, पण जिची मान खाली गेली आहे तिला उभे करून गायला लावणे ही छळाची पहिली पायरी असते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगला आळा घालणारे विनियम लागू केले. त्यांतील व्याख्या पुष्कळ व्यापक आहे: एरवी जी गोष्ट विद्यार्थिनी करणार नाही ती तिला करायला लावणे आणि त्यातून तिला लाज, संकोच किंवा मनस्ताप होणे, एवढे झाले तरी ते रॅगिंग ठरते. ‘आमच्या वेळी आम्हीही हे सोसले’ हा बचाव तेथे चालत नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनीकडून आणि पालकांकडून जे हमीपत्र घेतले जाते ते याच विनियमांखाली. घाईत सही करून मोकळे न होता ते मुलीबरोबर बसून वाचावे. १८००-१८०-५५२२ हा देशपातळीवरील मदत क्रमांक तिच्या फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.

परंपरा ओळखण्याची माझी स्वतःची कसोटी साधी आहे. त्या रिवाजात कष्ट कोणाचे आहेत ते पाहावे. चांगल्या वसतिगृहात नवी मुलगी ट्रंक आणि गुंडाळलेली गादी घेऊन रिक्षातून उतरते तेव्हा वरच्या वर्गातील दोघी फाटकापर्यंत येतात आणि गादी जिन्यावरून वर नेतात. कोणत्या नळाला सकाळी धार असते, गरम पाणी किती वाजता संपते, मेसच्या बाईंना काय सांगितलेले आवडत नाही, हे त्याच सांगतात. जून-जुलैच्या पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तेव्हा व्हरांड्यातील दोरीवर आतल्या बाजूची, पावसाची झड न लागणारी हातभर जागा नवीन मुलींसाठी सोडायची, अशी रीत मी पाहिली आहे. ती कोणी लिहून ठेवली नव्हती आणि ती मोडल्याची तक्रारही माझ्यापर्यंत कधी आली नाही. अशा रिवाजात मोठी राबते आणि लहान घेते. पुढच्या वर्षी घेणारीच राबू लागते. याउलट ज्या रिवाजात लहानीने राबायचे आणि मोठीने बघत हसायचे, त्याला कितीही वर्षे झालेली असली तरी परंपरेचे नाव देऊ नये.

आणखी एक. याच विनियमांत असेही सुचवले आहे की शक्य तेथे शिक्षकांनी वसतिगृहातील विद्यार्थ्यांबरोबर जेवायला बसावे, म्हणजे नव्यांना धीर येईल. मुलीला सोडायला जाल तेव्हा अधीक्षिकांना हे तेथे घडते का, असे सहज विचारून पाहा. त्यांच्या उत्तराच्या शब्दांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हांला जास्त कळेल.

प्रश्न: आमच्या मेसमध्ये श्रावणात मासे बंद ठेवण्याची ‘प्रथा’ आहे, तर काही मुलींना ते मान्य नाही. काय करावे? (मेस समितीची सदस्य, मडगाव)

उत्तर: मासेमारीवरील बंदी ३१ जुलैला संपते, ताजी मासळी बाजारात येऊ लागते आणि नेमका तोच श्रावणाचा सुमार, त्यामुळे हा वाद गोव्यात दरवर्षी व्हायचाच. श्रावण पाळणाऱ्या मुलींसाठी कढई, डाव आणि वाढप वेगळे ठेवावे आणि त्यांची पंगत आधी बसवावी. मासे बंद करू नयेत. उपवास ज्याचा त्याने करायचा असतो. सुके बांगडे मात्र खोलीत भाजू देऊ नयेत, आणि हा नियम बारा महिने असावा.

प्रश्न: संक्रांतीनंतर आमच्या वसतिगृहात हळदीकुंकू होते. यंदा त्याच दिवशी एका मैत्रिणीच्या आई तिला भेटायला आल्या होत्या. त्यांचे यजमान हयात नाहीत. त्या खालीच आल्या नाहीत, खोलीत बसून राहिल्या, आणि मैत्रीणही मग आली नाही. आमच्यात ख्रिस्ती आणि मुसलमान मुलीही आहेत. त्या येतात, पण बाजूला उभ्या राहतात. आता काही जणी म्हणतात की हे बंदच करावे. तुमचे मत काय? (विद्यार्थिनी प्रतिनिधी, फोंडा)

उत्तर: तुझे पत्र वाचून मला बरे वाटले, कारण खोलीत बसून राहिलेल्या आईकडे तुमचे लक्ष गेले.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. मराठी मुलखात शिक्षणासाठी स्त्रियांनी घराबाहेर एकत्र राहण्याची जी सुरुवात झाली, ती बऱ्याच अंशी विधवांपासून झाली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तेथे शिकलेल्या गोदूबाई या तरुण विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला; त्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. अशा विवाहामुळे समाजाचा रोष पत्करावा लागलेल्या कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला, आणि त्याच कामाच्या ओघात १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले, ज्याला विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या १५ लाखांच्या देणगीनंतर त्यांच्या मातोश्रींचे, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. आश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून निधी गोळा केला आणि पुढे त्याच ध्यासाने त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. म्हणजे ज्या प्रकारच्या घरात तुम्ही आज हळदीकुंकू करता, त्या घराचा पाया ज्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नव्हते अशा बायकांनी घातला आहे. तुमच्या मैत्रिणीच्या आईंना त्या घरात वर खोलीत बसावे लागावे, ही गोष्ट तुम्हांला बोचली हे योग्यच झाले.

बंद करावे असे मात्र मला वाटत नाही. पौष-माघातील त्या दिवशी मुली साड्या नेसतात, एकमेकींच्या निऱ्या धरतात, अबोलीचे वळेसर वाटून घेतात, आणि अभ्यासाच्या ताणात एक संध्याकाळ मोकळी मिळते. ती घालवून काय साधणार? बदल करायचा तो आमंत्रणात करावा. वसतिगृहातल्या तुम्ही बहुतेक सगळ्या अविवाहित आहात, तेव्हा ‘सुवासिनींचा सोहळा’ ही अट तुमच्याकडे आधीच सुटलेली आहे. ती पाहुण्या आईंनाच का लावायची? तिळगूळ, वाण आणि फूल प्रत्येकीला द्यावे. कुंकू ज्यांना हवे त्यांनी लावून घ्यावे, ज्यांना नको त्यांनी हात जोडावेत, आणि कोणी कारण विचारू नये. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, जिने झाडणाऱ्या आणि फाटकावर बसणाऱ्या बायकांना त्या दिवशी खुर्चीवर बसवावे आणि पहिले वाण त्यांच्या हातात पडावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाला जे जमले ते एका वसतिगृहाला जमायला हरकत नसावी. (वाण म्हणून प्लास्टिकची डबी देऊ नका. कपड्यांचे चिमटे द्या. वसतिगृहात त्यांच्याइतकी चोरी दुसऱ्या कशाची होत नाही.)

राहता राहिल्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मुली. ज्या घरी आपण फक्त पाहुणे असतो तेथे आपण बाजूलाच उभे राहतो. त्यांचा सण तुमच्या दिनदर्शिकेत आला की त्या आपोआप मध्ये येतील. गोव्यात हे अवघड नाही: चवथीला हिंदू घरातून आणि नाताळात ख्रिस्ती घरातून शेजाऱ्याकडे फराळाचे ताट जाते, ही रीत आपल्या वाड्यांवर आहेच. पातोळ्या तर दोन्ही घरांत होतात. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदातल्या सणांना आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला. हळदीच्या पानांची एक मोठी जुडी आणून मेसच्या स्वयंपाकघरात एकत्र पातोळ्या केल्यात, तर कोण पाहुणी आणि कोण यजमान हे त्या वाफेत कळणारही नाही. मुसलमान मैत्रिणींना ईदच्या बेतात काय हवे ते तुम्ही ठरवू नका, त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही कांदे चिरा.

प्रश्न: मी यवतमाळची. चवथीला गोव्यातल्या सगळ्या मुली घरी जातात, मेस बंद होते आणि आम्ही सहा-सात जणी मागे उरतो. इतक्या मोठ्या सणाला इतके एकटे वाटेल अशी कल्पना नव्हती. आम्ही वसतिगृहातच गणपती बसवावा का? (एक विद्यार्थिनी, ताळगाव)

उत्तर: विदर्भात, पुण्यात गणपती चौकात असतो आणि परका मुलगाही मांडवात सहज सामावतो. गोव्यातली चवथ मूळची घरातली आहे. तयेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, दिवसापासून मूळ घर भरू लागते, मुंबईचे काका येतात, बंद असलेली खोली उघडली जाते, आणि नव्याच्या पंचमीपर्यंत माणूस घर सोडत नाही. त्यामुळे वसतिगृह ओस पडते. त्यात तुमच्याविषयीचा परकेपणा मुळीच नाही. वसतिगृहाचे खरे सण नेहमी घर बोलावत नाही त्या दिवसांचे असतात. नवरात्रातली एखादी रात्र, परीक्षा संपल्याची संध्याकाळ, कोणाचा तरी पहिला पगार. चवथ त्यांत बसत नाही.

म्हणून गणपती बसवू नये असा माझा सल्ला आहे. पूजा, नैवेद्य आणि विसर्जन हे सारे सहा-सात जणींवर पडेल, त्यात स्वयंपाकघर बंद, आणि सामाईक जागेत मूर्ती बसवायची तर परवानगीचा प्रश्न वेगळाच. त्याऐवजी गोव्यातल्या मैत्रिणींना स्पष्ट सांगा की आम्हांला न्या. मोठे घर असते, माणसे मोजली जात नाहीत, आणि परगावची मुलगी जेवायला आली तर आजीला अप्रूपच वाटते. जाताना अधीक्षिकांकडे मुक्कामाचा पत्ता आणि यजमान कुटुंबाचा फोन क्रमांक लिहून द्या, तुमच्या आईवडिलांकडून परवानगीचा संदेश आधी मागवून ठेवा, आणि ज्या घरी जाल तेथे किती दिवसांचा गणपती आहे ते विचारून घ्या, कारण दीड दिवसाच्या घरी तिसऱ्या दिवशी पोहोचलात तर भांडी घासायलाच मिळतील.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. मूर्तीच्या वर टांगलेली माटोळी नीट पाहा. लाकडी चौकटीला ओल्या सुपारीचे घोस, नारळ, काकड्या आणि रानातून आणलेली कितीतरी फळे-फुले बांधलेली असतात. घरातला एखादा म्हातारा त्यातली निम्मी नावे घेऊन दाखवील आणि उरलेल्यांवरून त्याचे भावाशी भांडण होईल. वनस्पतिशास्त्राच्या मुली यासाठी वही घेऊन जातात. आरतीला घुमट वाजेल. या वाद्याला २०१९ मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत; वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद होऊन आता बकऱ्याचे लावतात. परत आल्यावर वसतिगृहात घुमट शिकायचे मनात आले तर परीक्षा संपेपर्यंत थांबा, एवढी शेजारच्या खोलीच्या वतीने विनंती.

प्रश्न: माझ्या नातीच्या वसतिगृहाच्या वार्षिक संमेलनात मुलींनी रंगमंचावर धालो सादर केले. मी पाहायला गेले होते. टाळ्या पडल्या, पण मला ते रुचले नाही. धालो मांडावरच, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या पवित्र जागीच, खेळायचे असतात. नात म्हणते, आम्ही नाही केले तर ते संपतील. (एक आजी, केपे)

उत्तर: आजी, तुमचे म्हणणे मला पटते, आणि नातीचेही अर्धे पटते. धालो हा पौषातला, चांदण्या रात्रीचा, मांडावरचा बायकांचा खेळ आहे. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या पाठीमागून गुंफलेले हात, पुढे वाकत जाणे आणि मागे येणे, धरतरीला आणि गावच्या देवतांना केलेली आळवणी, आणि प्रेक्षक असे कोणी नाहीच. रंगमंचावर नेले की मुलींची तोंडे एकमेकींकडे न राहता लोकांकडे होतात, आठ मिनिटांत बसवायचे म्हणून चाल द्रुत होते, आणि ज्या गीताला रात्र लागते त्याची दोन कडवी उरतात. तुम्हांला जे खटकले ते बहुधा हेच असावे.

पण मुलींनी कुठे शिकायचे? त्यातल्या पुष्कळशा शहरात वाढल्या, त्यांच्या वाड्यावर मांडच नाही. मला असे वाटते की संमेलनात फुगडी करावी; ती लोकांसमोर शोभते आणि तिच्यात चढाओढही आहे. धालोंसाठी वेगळी वाट काढावी. पौषातल्या एका रात्री वसतिगृहाच्या मागच्या अंगणात, ध्वनिक्षेपकाशिवाय आणि प्रेक्षकांशिवाय, तुम्ही आणि तुमच्या वाड्यावरच्या दोन-चार बायकांनी मुलींना गाणी शिकवायला यावे. देवतांची नमने मांडासाठी राखून ठेवायची आणि संसाराची, माहेराची, थट्टेची गाणी शिकवायची, असे तुम्ही ठरवू शकता. तो अधिकार तुमचा आहे. त्या गाण्यांतली कोकणी-मराठीची सरमिसळ मुलींनी ‘सुधारून’ घेऊ नये, जशी ऐकली तशी लिहावी. वसतिगृहांमध्ये पूर्वी हस्तलिखित अंक निघत, मुलींच्याच अक्षरात, मुखपृष्ठावर जलरंगातले चित्र. नातीला म्हणावे की असा एक अंक या गाण्यांचा काढ, आणि कोणते गाणे कोणत्या गावच्या कोणत्या आजीकडून आले ते, त्यांना विचारून, प्रत्येक पानावर लिही.

प्रश्न: माझ्या नातीला इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या न्यूनम या केवळ स्त्रियांसाठी असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तेथे ‘कॉलेजचे कुटुंब’, औपचारिक भोजन अशा प्रथा आहेत म्हणे. या कशा पडल्या, आणि आपल्या मुलीने त्यांत किती मिसळावे? (निवृत्त शिक्षक, पेडणे)

उत्तर: सर, अभिनंदन. न्यूनमची सुरुवात १८७१ मध्ये झाली, ती केंब्रिजच्या रीजंट स्ट्रीटवरील एका भाड्याच्या घरात, पाच विद्यार्थिनींसह. ॲन जेमायमा क्लफ त्यांच्या प्रमुख होत्या. त्याच्या दोन वर्षे आधी एमिली डेव्हिस यांनी केंब्रिजपासून बऱ्याच अंतरावर, हिचिन येथे, अशाच पाच विद्यार्थिनींना घेऊन एक कॉलेज सुरू केले होते, जे १८७३ मध्ये गर्टनला आले. या मुली व्याख्यानांना जात, १८८१ पासून विद्यापीठाच्या ऑनर्स परीक्षांना बसण्याचा हक्कही त्यांना मिळाला, परंतु पदवी मात्र नाही. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झाले, तेव्हा विरोध करणाऱ्या तरुणांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. पूर्ण पदवी मिळाली १९४८ मध्ये.

ज्यांना विद्यापीठ आपले म्हणत नव्हते, त्यांनी आपल्या इमारतीतच एक जग उभे केले, आणि बहुतेक प्रथा तेथून आल्या. रात्री वरच्या वर्गातील मुलगी आपल्या खोलीत कोको करी आणि नव्या मुलीला बोलावी. रेक्टर किंवा प्राध्यापक नसलेली ती बैठक अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानली जाई. गर्टनच्या मुलींनी तर आपले स्वतःचे अग्निशमन दल उभारले होते आणि त्या बादल्यांच्या रांगेची कवायत करीत. न्यूनमच्या वसतिगृहांच्या इमारती एका लांबलचक बंदिस्त मार्गिकेने जोडलेल्या आहेत, त्यामुळे हिवाळ्यात एका टोकाची मुलगी पायात सपाता घालून दुसऱ्या टोकाला गप्पा मारायला जाऊ शकते. आजची ‘कुटुंबा’ची पद्धत केंब्रिजमध्ये सर्वत्र आहे: दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नव्यांचे ‘आईबाप’ होतात, येण्याआधीच पत्र लिहून काय आणावे ते कळवतात आणि पहिल्या आठवड्यात चहाला नेतात. वर वाळपईच्या भगिनींना जी कसोटी सांगितली तिला ही पद्धत पूर्ण उतरते.

नातीने खुशाल मिसळावे. औपचारिक भोजनात शाकाहार आधी सांगितला की मिळतो. न्यूनमला प्रार्थनागृह नाही, कारण ते सुरुवातीपासून कोणत्याही एका पंथाला बांधलेले नव्हते. त्याचीही चिंता नको. आणि तिला सांगा की आपल्याकडची मुलगी अशा ठिकाणी पहिल्यांदा जात नाही. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या स्त्रियांच्या वसतिगृहात दाखल झाल्या, १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, आणि ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केल्यानंतर १९२२ मध्ये त्यांना ती पदवी मिळाली. पेडण्याहून निघताना आमसुले मात्र भरपूर द्या. तिकडच्या थंडीत सारासाठी उपयोगी पडतात आणि नव्या मैत्रिणींना खोलीवर बोलावायला निमित्त होते.

प्रश्न: आमच्या वसतिगृहाचे फाटक रात्री साडेआठला बंद होते. मुलांच्या वसतिगृहाला अशी वेळ नाही. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे असते, पण आम्हांला त्याचा उपयोग नाही. विचारले तर ‘ही इथली परंपरा आहे’ असे उत्तर मिळते. (पाच विद्यार्थिनी, बार्देश)

उत्तर: फाटकाची वेळ ही परंपरा नसते. तो कार्यालयाने केलेला नियम असतो आणि कार्यालयाला तो बदलता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. त्यांत उच्च शिक्षण संस्थांना बजावले आहे की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचे कारण देऊन वसतिगृहात मुलांच्या तुलनेत मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत. दिल्लीतील विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या अशाच वेळेच्या बंधनांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ या नावाने आंदोलन सुरू केले तेही २०१५ मध्येच. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाइल वापरण्यास मनाई करणारा नियम न पाळल्याबद्दल काढून टाकलेल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल गोव्यावर बंधनकारक नाही, कारण आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. पण अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आता दुसरी बाजूही ऐकून घ्या, कारण टेबलाच्या त्या बाजूला मी बसले आहे. वेळ वाढवली की पहिला फोन मुलीच्या वडिलांचा येतो, आणि तो अधीक्षिकेलाच येतो. आपल्याकडे रात्री आठनंतर बसगाड्या विरळ होतात, पठारांवरचे आणि गावांबाहेरचे रस्ते सुनसान असतात, फाटकावर रात्री एकच रखवालदार असतो. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवरचा उपाय दिवे, दुसरा रखवालदार आणि ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी हा आहे, कुलूप हा नाही.

तेव्हा भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. प्रथम दोन्ही वसतिगृहांच्या लेखी नियमावल्या मिळवा. देत नसतील तर सरकारी किंवा अनुदानित संस्थेत माहितीच्या अधिकाराखाली त्या मागता येतात. ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळांची वेळ, शेवटच्या बसची वेळ, फाटकापर्यंतच्या दिव्यांची स्थिती हे सर्व एका पानावर मांडा. ‘बंधने उठवा’ अशी मागणी न करता, साडेदहापर्यंत नोंदवहीत सही करून येण्याची मुभा आणि त्यापुढे आदल्या दिवशी सूचना दिल्यास उशिराची चिठ्ठी, अशी निश्चित मागणी लिहा, आणि तीच वही मुलांच्या वसतिगृहातही ठेवावी असे सुचवा. पालकांची संमती जोडता आली तर अर्जाचे वजन वाढते. घरी विचारायला लाजू नका, अनेक आया तुमच्या बाजूने असतात. पाचऐवजी पन्नास सह्या असाव्यात आणि त्यांत प्रथम वर्षाच्या मुलींच्या सह्या मागाहून घ्याव्यात, म्हणजे त्यांना कोणी वेगळे गाठणार नाही. अर्ज अधीक्षिकांना द्या, एक प्रत संस्थाप्रमुखांना आणि एक अंतर्गत समितीला (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या) द्या, आणि तुमच्याजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.